नमुन्याची सुरी

स्टोव्ह जरा इकडे सरकव, कुवाबारा. तुझ्या वयाला थंडी वाजत नाही, माझ्या गुडघ्यांना वाजते.

तर तुमचा प्रश्न असा, की पाहुण्यांना तोमिकुरा गाव दाखवायला निघालेली आपली फेरी लोणच्याच्या दुकानापाशी एकदम उजवीकडे का वळते. सरळ गेलं तर गावातलं सगळ्यात देखणं दुकान लागतं. काळं लाकूड, पुढे बारीक पट्ट्यांची जाळी, कौलांवर शेवाळ. पाहुणे लांबूनच फोटो काढतात आणि तुम्हाला विचारतात, हे बंद का? तुम्ही पुस्तिका उघडता, आणि पुस्तिकेत उत्तर नाही.

पुस्तिका मीच लिहिली आहे. उत्तर नाही, म्हणजे मी दिलेलं नाही.

सदतीस वर्षं मी नगरपालिकेच्या पर्यटन विभागात कारकून होतो. गावाचं जुनेपण टिकवणं हे आमचं काम. म्हणजे विजेचे खांब काढून तारा जमिनीत पुरायच्या, थंड पेयांच्या यंत्रांना तपकिरी रंग द्यायचा आणि तीनशे वर्षांपूर्वीचं वाटेल असं शौचालय बांधायचं. त्या शौचालयाला बक्षीस मिळालं. थोडक्यात, खोटं मी आयुष्यभर बोललो, पण ते सगळं छापून. तोंडी खोटं बोलायची मला सवय नाही. आता जे सांगणार आहे ते कुठे छापलेलं नाही, एवढ्यावरून काय ते समजा.

काय म्हणालीस, चिनात्सु? भुताचं आहे का? ऐक आणि तूच ठरव. उद्या पहिली फेरी तुझी आहे ना? मग ऐकलेलं बरं.

सहा वर्षांपूर्वीची आठ नोव्हेंबर. शुक्रवार. दुपारी तीनला मी दोन कामं घेऊन घरातून निघालो. देवळात एक यादी पोचवायची होती, आणि जाता जाता बायकोची भाजी चिरायची सुरी धार लावायला दिली होती, ती घ्यायची होती. सुरी नागासेच्या दुकानात. तेच हे बंद दुकान.

ताकुझो नागासे माझा शाळासोबती. माझी गणितं उतरवून घ्यायचा, आणि ती चुकली की मलाच बदडायचा. पाचव्या पिढीचा सुऱ्यावाला. बायको लवकर गेली. एकुलती मुलगी कायो आजोळी वाढली, तिथेच शिकली, आणि सव्विसाव्या वर्षी स्वतःहून बॅग घेऊन दारात उभी राहिली. "बाबा, मला नावं कोरायला शिकवा." त्या दिवसापासून ताकुझो पुन्हा माणसांत आला. रोज दाढी करायला लागला. त्याच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं आणि दुसरं काही त्याला नकोही होतं. पोरगी परत आली होती, बस.

सुरी विकली की तिच्या पात्यावर घेणाऱ्याचं नाव कोरून द्यायचं, हा त्या दुकानाचा रिवाज. एक छिन्नी, एक हातोडी, छोटीशी ऐरण. टिक, टिक, टिक. ताकुझोचे वडील म्हणायचे, नाव पडेपर्यंत ते लोखंड, नाव पडलं की ते माणूस. म्हणून झिजलेली सुरी आपल्याकडे कोणी कचऱ्यात टाकत नाही. पांढऱ्या कागदात गुंडाळून देवळात देतात. आठ नोव्हेंबर हा लोहारांचा भात्याचा सण. त्या दिवशी भट्टी बंद, लोखंडाला हत्यार लावायचं नाही. देवळामागच्या सुऱ्यांच्या दगडापुढे मंत्र म्हणतात, आजवर देवळात आलेल्या सुऱ्यांच्या मालकांची नावं वाचतात. दुसऱ्या दिवशी त्या वर्षीच्या सुऱ्या नागासेच्या भट्टीत वितळवायच्या, हे पाच पिढ्यांचं काम. माझ्या हातातली यादी ती. दरवर्षी मीच टाइप करायचो, कारण भिक्षुमहाराजांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे.

पानं लाल झाली होती. म्हणजे रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भाड्याचे किमोनो आणि खाली धावायचे बूट. ज्याच्या त्याच्या हातात काडीला लावलेले तांदळाच्या पिठाचे गोळे आणि देवळाचे शिक्के घ्यायची वही. नागासेच्या दुकानात तर रांग. कायो तिच्या बुटक्या बाकापाशी मांडी घालून, डोक्याला रुमाल बांधून नाव कोरत बसलेली.

ओसाकाकडची एक बाई विचारत होती, "का हो, सासूबाईंचं नाव घातलं तर चालेल?"

कायो मान वर न करता म्हणाली, "चालेल की. पण मग सुरी त्यांच्या हातात राहील."

बाईनं क्षणभर विचार केला. "माझंच घाल."

ताकुझो कागदाच्या पिशव्या मोजत होता. मी म्हणालो, "आज भात्याचा सण, लेका. तुझे वडील आज दुकानाचं दारसुद्धा उघडत नसत."

"वडिलांच्या काळी बसगाड्या येत नव्हत्या. कुणी आणल्या त्या? तुम्ही. आता बोंबलू नकोस."

"मी कुठे बोंबलतोय? लोखंडाला हत्यार लावू नये म्हणतात, एवढंच."

"लोखंडाला सांग. मला वेळ नाही."

तेवढ्यात कायोनं मला हाक मारली. "काका, ती काचेतली बघितलीत का? नमुना म्हणून ठेवलीय. नाव कसं दिसतं ते लोकांना कळत नाही ना, म्हणून माझंच घातलं. सोमवारी."

काचेच्या पेटीत एकच सुरी होती. वाम मासा चिरायची. आखूड, जाड पाठीची, टोकाला तिरकी. पात्यावर दोन अक्षरं, कायो. कोरीव काम सुरेख होतं. पण माझी नजर पोलादावर गेली. असं निळसर, दाट पोलाद मी लहानपणी पाहिलेलं.

"हे जुनं आहे," मी म्हणालो. "कुठून आणलंस?"

"होतं घरात." ताकुझोनं माझी सुरी कागदात गुंडाळली. मग आणखी एका कागदात. मग तिसऱ्या. "चल, तू हो पुढे. मी येतोच देवळात."

साडेचारला मंत्र सुरू झाले. अंधार पडायला आला होता. पाहुणे मागे फोन उंच धरून उभे. ताकुझो रिवाजाप्रमाणे दगडाच्या उजव्या अंगाला, काळा कोट घालून. भिक्षुमहाराज माझी यादी वाचत होते, सावकाश, एकसुरी. मीच टाइप केलेली नावं, म्हणून मी ऐकतही नव्हतो.

"हाशिझुमे तोकी."

ताकुझोनं डोळे मिटले. मिटले म्हणजे असे मिटले, जसं कुणी तोंडात मारणार आहे.

मंत्र संपले, गरम गोड साके वाटली गेली, पाहुणे बसकडे पळाले. दुकानं पाचलाच बंद झाली होती. ताकुझो हात धुवायच्या दगडी कुंडापाशी एकटाच उभा होता. मी गेलो. त्यानं पळीनं पाणी घेतलं, हातावर ओतलं, परत घेतलं, परत ओतलं.

"ओगाता," तो म्हणाला, "ती सुरी तोकीची आहे."

आता तोकी कोण ते तुम्हाला सांगायला हवं. नागासेच्या दुकानामागच्या बोळात हाशिझुमे कांजी आणि तोकी राहायचे. तोकी वामीच्या खानावळीत एकतीस वर्षं वाम चिरायची. जिवंत वाम, डोक्यात खिळा ठोकून फळीला जखडायची आणि एका ओढीत उघडायची. गावात तिच्यासारखा हात नव्हता. सुरी तिची स्वतःची, ताकुझोच्या वडिलांनी नाव कोरून दिलेली. कांजी काही करत नसे. पीत असे. प्यायला की तिला मारत असे; तिचा वरचा पुढचा एक दात त्यानंच पाडलेला. ती पळून घरात शिरायची आणि आतून कडी लावायची. मग हा दारावर बोटांच्या पेरांनी तीनदा वाजवायचा आणि अगदी गोड आवाजात म्हणायचा, "उघड. काही करत नाही मी."

ती उघडायची.

सगळ्या बोळानं हे ऐकलेलं. शेकडो वेळा. मी त्याच बोळात राहायचो. आम्ही काय करायचो? टीव्हीचा आवाज मोठा करायचो. सगळेच करायचे. संध्याकाळी बोळात सात घरांतून एकाच वेळी बातम्या मोठ्या व्हायच्या.

एका संध्याकाळी सहा वीसला त्यानं खानावळीतलाच खिळा तिच्या तळहातात ठोकला, तिला तिच्याच फळीला जखडलं, आणि तिच्याच सुरीनं उघडलं. वाम उघडतात तसं. पोलीस आले तेव्हा तो शेजारी बसून भात खात होता.

कांजी तुरुंगात मेला. खटला संपल्यावर पोलिसांनी सुरी तोकीच्या बहिणीला परत दिली. तिनं ती देवळात आणून ठेवली, आणि ताकुझोला एकच सांगितलं, हिचं वितळवून पाणी कर.

"केलं नाहीस?" मी विचारलं.

"बाबांच्या हातचं पोलाद होतं, ओगाता. आता असं पोलाद कुणाच्या बापाला जमत नाही. भट्टीपाशी तीनदा घेऊन गेलो. तीनदा परत आणलं. पातं काय करणार, म्हटलं, हात माणसाचा असतो. खणात ठेवून दिली. नऊ वर्षं. ह्या शरद ऋतूत काढली. नाव घासून काढलं, गुळगुळीत केलं. पोरगी म्हणाली, बाबा, नमुन्याला हीच छान दिसेल." त्यानं पुन्हा पळी भरली. "सोमवारी तिनं नाव कोरलं. आज सकाळी पेटी उघडली तर कायोच्या नावाखाली गंज. अक्षरांसारखा. छिन्नीचा घाव पडला की खालचं लोखंडही दबतं. वरचं घासलं तरी खालचं दबलेलं राहतं. दमट हवेत वर येतं. ह्यात काही नवल नाही."

"मग घाबरलास कशाला?"

"मंगळवारपासून मागचं दार वाजतंय. सहा वीसला. तीनदा." त्यानं पळी खाली ठेवली. "मी जाऊन उघडतो. कुणी नसतं. पोरीला सांगितलं, प्यायलेले पाहुणे असतील." मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "पेरांनी वाजवतो, ओगाता. आणि आवाज गोड आहे."

मी म्हणालो, "चल, आत्ता. सुरी घेऊन परत इथे येऊ. महाराजांच्या हातात देऊ."

"तोकीचं नाव मी काढलं," तो म्हणाला. मला नव्हे, स्वतःलाच. "आणि त्या जागी कुणाचं बसवलं?"

मग त्यानं घड्याळ पाहिलं. सहा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

त्यानं कायोला फोन लावला. आवाज मोठा होता, मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"कायो, ऐक. मागचं दार उघडू नकोस. काही झालं तरी—"

"काय बाबा हे," ती हसत होती. "फोन काय करताय, दारातच तर उभे आहात ना? आणि आवाजाला काय झालंय? बसलाय का? सारखं काय तेच, काही करत नाही मी, काही करत नाही मी. उघडलं ना आत्ताच. या आत."

"कायो, मी देवळात आहे."

पलीकडचं हसू तुटलं.

"कायो!"

"...बाबा, मग..."

फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग काच. काच फुटली.

ताकुझो धावला. एकसष्ट वर्षांचा माणूस, काळा कोट, लाकडी चपला. चपला पायऱ्यांवरच राहिल्या. मी मागे. माझे गुडघे तेव्हाही असेच होते. रस्ता रिकामा. तीन तासांपूर्वी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे एक कुत्रंही नव्हतं. आम्ही बसवलेले जुन्या धाटणीचे दिवे, प्रत्येकाखाली पिवळं वर्तुळ, आणि त्या वर्तुळांतून ताकुझोची पाठ लांब जात होती.

लोणच्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून मी पाहिलं. त्यानं पुढचं छोटं दार सरकवलं आणि आत घुसला. दार त्याच्यामागे आपोआप सरकलं. आत कडी पडली. ताकुझोनं घातली नाही. त्याला वेळच कुठे होता.

मी पोचलो. दार ओढलं. हललं नाही. लाथ मारली, ओरडलो. समोरच्या घरात उजेड होता. खिडकीची फट दिसत होती. मी तिकडे वळून ओरडलो, "पोलिसांना बोलवा!"

फट बंद झाली. टीव्ही मोठा झाला.

आता आत काय झालं ते मला कायोनं नंतर सांगितलं, इस्पितळात, भिंतीकडे तोंड करून. तिनं कुणालाही पाहिलं नाही. हे नीट ऐका. शेवटपर्यंत तिला कुणी दिसलं नाही. कडी काढून ती फोन घ्यायला वळली होती, परत पाहिलं तेव्हा दारापलीकडे बोळ रिकामा होता. फक्त वास आला. शिळ्या दारूचा आणि ओल्या सतरंजीचा. फोन तिच्या हातात होता. पाठीत गुडघा बसला. फोन उडाला. केस धरून तिला फरपटत बाकापाशी नेलं. ती काचेच्या पेटीवर आदळली. मग तिचा उजवा हात उचलला गेला, बाकाच्या फळीवर पालथा नाही, उताणा ठेवला गेला. दुकानात वाम जखडायचे खिळे विकायला टांगलेले होते. त्यातला एक निघाला. हातोडी तिचीच होती.

एकाच घावात आरपार.

ती किंचाळली, पण आवाज बाहेर आला नाही, असं ती म्हणते. रस्त्यावर आम्ही दोघं धावत होतो. आम्हाला ऐकू आला नाही.

मग कानाशी कुणीतरी अगदी प्रेमानं म्हणालं, "बघ. तूच उघडलंस."

फुटलेल्या काचेतून सुरी वर आली.

त्याच वेळी ताकुझो आत शिरला. तो सरळ सुरीवर झेपावला. त्याला उचलून खांबावर आपटलं. तो उठला. पुन्हा आपटलं. त्याचे दात फरशीवर सांडल्याचं तिला ऐकू आलं. तो उठला. पोटात लाथ. बरगडी मोडली, ते मला बाहेर ऐकू आलं, वाळकी फांदी मोडावी तसं. तो रांगत आला. त्याला मारणारं कुणी दिसतच नव्हतं, तर तो कुणाला धरणार? कुणाला मारणार? सुरी कायोच्या पोटाशी टेकली होती. शर्ट फाटला. कातडीवर एक बारीक लाल रेघ उमटली.

तेव्हा त्यानं डाव्या हातानं पातंच धरलं. मुठीत. जोर करून. बोटं हाडापर्यंत कापली गेली. दोन बोटं खाली पडली. तरी सोडलं नाही. सगळं अंग पात्यावर टाकून त्यानं ते ओढत नेऊन ऐरणीवर दाबलं. उजव्या हातानं चाचपून छिन्नी घेतली, दातांचं रक्त तिच्यावर गळत होतं. ती त्यानं डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत धरली. हातोडी घेतली.

भात्याच्या सणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं स्वतः लोखंडाला हत्यार लावलं.

मला बाहेर ऐकू आलं. आधी वेड्यासारखे घाव. टकटकटकटक. ती दोन अक्षरं तो फोडत होता. कायोचं नाव. मधे मधे धप्प, धप्प. त्याच्या पाठीत बसणाऱ्या लाथा. पण हातोडी थांबत नव्हती.

मग थांबली.

मी दाराला कान लावला.

टिक.

मग पुन्हा. टिक.

सावकाश. एकेका रेघेला एक घाव. मला कळेना, हा काय करतोय. आणि मग कळलं. त्या दुकानात हा आवाज मी आयुष्यभर ऐकलेला. तो नाव कोरत होता.

ताकुझो हे नाव पहिलीतल्या पोरांच्या साध्या अक्षरांत लिहिलं, तर बारा रेघा होतात.

मी मोजत होतो. पाच. सहा. आत कुणीतरी गोड आवाजात बोलत होतं. "सोड. काही करत नाही मी." सात. "सोड म्हणतो ना." आठ. काहीतरी ओलं फाटलं. नऊ... बराच वेळ काही नाही... दहा.

"ताकुझो!" मी ओरडलो. "ताकुझो, नको!"

अकरा.

...

आतून त्याचा आवाज आला. बोबडा, दात नसलेला. "कायो, डोळे मीट गं राजा."

बारा.

सगळं शांत झालं. समोरचा टीव्हीसुद्धा.

मग तो दुसरा आवाज. गोडवा गेलेला. अगदी साधा, दमलेला.

"बरं. मग तू."

...

मासळीबाजारात मी लहानपणापासून जातो. तो आवाज मला माहीत आहे. लांब. एका ओढीतला. तो कशाचा असतो ते तुम्हालाही माहीत आहे. आणखी काही सांगत नाही.

चिनात्सु, पाणी पी.

मी गटारावरचा दगड उचलला आणि जाळी फोडली. हात कापले, लक्षात आलं नाही. आत गेलो. ताकुझो बाकाला टेकून बसलेला होता. पायांमध्ये... असो. सुरी त्याच्या मांडीवर होती. तिच्यावर फक्त त्याचं नाव होतं, वाकडंतिकडं, रक्तानं भरलेलं. दुसरं कुठलंही नाव नाही. गंजसुद्धा नाही. मागच्या दाराला आतून कडी. पुढच्या दाराला आतून कडी. पोलिसांनी दोन्ही कड्यांचे फोटो काढले. ते फोटो अजून त्यांच्याकडे आहेत आणि त्यांचं काय करायचं ते त्यांना अजून कळलेलं नाही. अहवालात त्यांनी लिहिलं, अज्ञात इसम. सरकारी भाषेत इतकं खरं वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

कायो जिवंत होती. बाकापासून चार हात लांब, भिंतीशी, कुशीवर निजवलेली. डोक्याखाली घडी केलेला ॲप्रन. खिळा हातातून निघालेला होता आणि तिच्या शेजारी फरशीवर सरळ ठेवलेला होता. हात बांधलेला होता.

शल्यचिकित्सक तरुण होते, तुमच्याहून जरा मोठे. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "हात कुणी बांधला? तळव्यातली धमनी तुटली होती. कुणी बांधला नसता, तर दहा मिनिटांत गेली असती."

मी बांधला नव्हता. ताकुझोच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, आणि शेवटच्या घावानंतर तो जागचा उठलाच नव्हता. कायो शुद्धीत नव्हती, आणि असती तरी एका हातानं अशी गाठ कुणाला येत नाही.

वामीच्या खानावळीची म्हातारी मालकीणबाई कायोला भेटायला आली. ती पट्टी एका ताटलीत ठेवलेली होती. पांढऱ्या सुती कापडाची, एका टोकाला फाडलेली, पिळून काढल्यासारखी ओली. बाईनं गाठ पाहिली आणि तिथेच बसली. म्हणाली, "ही आमच्याकडची गाठ. वाम चिरणाऱ्या बायकांची. हातात खिळा गेला की एकमेकींना बांधतो आम्ही. एका हातानं जखम दाबायची, एका हातानं टोक धरायचं, आणि दुसरं टोक दातांनी ओढायचं."

पोलिसांनी ती पट्टी तपासायला नेली. कायोच्या दातांचे ठसे घेतले, माझे घेतले, ताकुझोचे जे उरले होते त्यांचेही घेतले. कुणाशीच जुळले नाहीत.

कायो आता उत्तरेला असते. एका शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवते, डाव्या हातानं. पोलिसांनी परत दिलेली ती पट्टी निघताना मला देऊन गेली. "काका, मला ठेववत नाही, आणि टाकवतही नाही." माझ्या कपाटात आहे.

कापडाच्या एका टोकाला दातांच्या खुणा आहेत. खोल, घट्ट आवळलेल्या. वरची ओळ अगदी स्वच्छ उमटली आहे. तिच्यात मधोमध एका दाताची जागा मोकळी आहे.